कुणी सांगितलं होतं करायला?

ओरडणाऱ्या साहेबाबद्दल माणसं मोकळेपणी बोलतात. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आज कोणाला काय बोलले याची उजळणी होते, दोन-चार नकला होतात आणि संध्याकाळपर्यंत राग बराचसा निवळतो. दुसऱ्या एका प्रकारच्या साहेबाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. तो आवाज चढवत नाही, मेमो काढत नाही. तुम्ही सादर केलेली टिपणी चार दिवस टेबलावर ठेवून देतो. बैठक आहे हे तुम्हाला कळवायचं नेमकं राहून जातं. बाहेरच्या माणसांसमोर तुमचं बोलणं मध्येच तोडतो आणि तेच पुढे आपलं म्हणून सांगतो. घरी येऊन यातलं सांगायचं तरी काय? घरचे विचारतात, "एवढंच ना?" एकेक प्रसंग सुटा काढून पाहिला तर खरंच एवढंच असतं.

माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयांच्या आस्थापना आणि लेखा शाखांत गेली. लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वरिष्ठांच्या हाताखाली काम केलं, पुढे हाताखालच्या लोकांकडून करूनही घेतलं. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. माणसाचं असं हळूहळू खच्चीकरण होतं तेव्हा तो काम सोडत नाही. हजेरी लागते, आवक-जावक चालू राहते, महिन्याचा गोषवारा वेळेवर जातो. आटतं ते त्याने आपणहून केलेलं काम. ते मुळात कुठल्याच नोंदवहीत नव्हतं, त्यामुळे आटलं तेही कुठे दिसत नाही.

एका कार्यालयात आमच्या शाखेतलं निवृत्तिवेतनाचं टेबल एका तरुण मुलीकडे होतं. हे टेबल सहसा कोणाला नको असतं. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी एका सेवापुस्तकात मावलेली असते, आणि ते पुस्तक पाच-सहा कार्यालयं फिरून आलेलं असतं. एखाद्या वर्षाची सेवा पडताळलेलीच नसते. वेतननिश्चितीचा आदेश चिकटवायचा राहिलेला असतो. लग्नानंतर बदललेल्या आडनावाची नोंद नसते, नामनिर्देशन आईच्या नावाने असतं आणि आई जाऊन वीस वर्षं झालेली असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ चे. त्यांच्याप्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कागदांची तयारी सुरू व्हायला हवी आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे, म्हणजे ते तपासून निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे, पोचायला हवं. प्रत्यक्षात निरोप समारंभाचा हार आणि प्रकरणाची फाइल एकाच आठवड्यात आणलेली मी पाहिली आहे.

या मुलीने एक तक्ता केला. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तारीख आणि समोर त्याच्या सेवापुस्तकात काय काय कमी आहे ते. जुन्या कीर्दवहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर, पट्टीने रेघा मारून, जे मिळालं ते हिरव्या पेनाने खोडत. मग ती एकेकाला फोन करायची. "काका, तुमच्या पुस्तकात चौऱ्याण्णवचा आदेश नाहीये. घरी प्रत असेल का बघता?" एक वाहनचालक काका पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घेऊन आले. तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते वर्षवार लावले, त्यात हवा होता तो आदेश सापडला, शिवाय बुडालेल्या एका वेतनवाढीचा कागदही सापडला. यातलं काहीही कोणी तिला सांगितलेलं नव्हतं.

मग नवे अधिकारी बदलून आले. शाखेच्या बैठकीत त्यांच्यासमोर तक्ता आला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हसतच विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला? आधी नेमून दिलेलं काम पूर्ण आहे का?" ते पूर्ण होतं. पण या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना कळतं. तक्ता त्यांनी ठेवून घेतला. पुढे जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तो टंकलिखित होऊन, कार्यालयाने राबवलेला उपक्रम म्हणून त्यांच्या नावाने मांडला गेला. आमच्याकडे ही बातमी आली ती दुसऱ्या कार्यालयातल्या एका लिपिकाने त्या नमुन्याची प्रत मागितली तेव्हा.

त्यानंतर तिच्या फायलींवर 'चर्चा करावी' येऊ लागलं.

ज्यांनी सरकारी फायली हाताळलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रकरण गुंतागुंतीचं असेल, टिपणीतून उलगडा होत नसेल, तर अधिकारी असा शेरा मारतो, संबंधित माणूस जाऊन भेटतो, पाच मिनिटं बोलणं होतं आणि फाइल 'चर्चेनुसार फेरसादर' असं लिहून पुन्हा वर जाते. चांगली पद्धत आहे. पण शेरा मारायचा आणि चर्चेला वेळ द्यायचा नाही, असं केलं की तोच शेरा फाइलचं कुलूप होतो. ती सकाळी जायची, "आत्ता नको." दुपारी जायची, "व्हीसी आहे," म्हणजे वरिष्ठांसोबतची व्हिडिओ बैठक. आणि चौथ्या दिवशी संबंधित निवृत्त माणूस समोर बसलेला असताना तिला बोलावून विचारणा व्हायची, "यांचं प्रकरण का अडलंय?" ती तोंड उघडेपर्यंत साहेब त्या माणसाकडे वळलेले असायचे. "त्यांना नाही जमत हो. तुम्ही थेट मला भेटत चला." चर्चा न झाल्यामुळे फाइल अडली आहे हे खोलीत दोघांनाच माहीत असायचं, आणि त्यातल्या एकाला बोलण्याची सोय नव्हती.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. तिची आई आजारी पडली तेव्हा याच साहेबांनी फोनवर रजा मंजूर केली. ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. परत आली तेव्हा आपुलकीने चौकशी केली. "मॅडम, माणूस वाईट नाहीत हो," ती मला म्हणाली, "माझंच काही चुकत असेल." त्या दिवसापासून ती आपल्याच टिपण्यांत चुका शोधायला लागली. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा तीच लिहायची.

हे असं का होतं, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा एका अभ्यासात मिळालं. मिशेल डफी, डॅनियल गँस्टर आणि मिलान पागोन या तीन संशोधकांनी स्लोव्हेनियातल्या पोलिसांवर केलेलं काम २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. माणसाचं कामातलं यश, त्याचं नाव आणि इतरांशी असलेले चांगले संबंध यांत हेतुपुरस्सर, थोडाथोडा करून आणलेला अडथळा, हा त्यांचा विषय होता. वरिष्ठाने असं केलं की वाईट परिणाम होतो, हे अपेक्षितच आहे. त्यांना आढळलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जो वरिष्ठ माणसाला पोखरतो तोच त्याला अधूनमधून आधारही देत असेल, तर परिणाम सौम्य होण्याऐवजी आणखी वाईट होतात. आपल्याला वाटतं, चला, निदान कधीकधी तरी चांगला वागतो. पण कायम तुसडा असलेल्या साहेबाला माणूस मनातून वजा करून टाकतो आणि कामाला लागतो. अशा दुहेरी साहेबाला वजा करता येत नाही. सकाळी गाडी आवारात शिरली की आज चेहरा कसा आहे यावर दिवस ठरतो, आणि कामाला लागायची ताकद त्या अंदाजातच खर्च होते.

त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास आहे, अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधला, म्हणजे तिथल्या हवाई दलाच्या राखीव तुकड्यांमधला. केली झेलर्स, बेनेट टेपर आणि हीच डफी. वरिष्ठांच्या छळवादी वागण्याखालची माणसं सहकाऱ्याला मदत करणं, न सांगता एखादी जबाबदारी उचलणं, अशा गोष्टी कमी करतात, असं त्यात दिसलं. आणि ही घट जास्त कोणात होती? अशी कामं आपल्या कर्तव्याबाहेरची आहेत, आपण ती खुशीने करतो, असं मानणाऱ्यांत. मला हे वाचताना तो हिरव्या पेनाचा तक्ताच दिसला. नेमून दिलेल्या कामाला नियमांचा, वरिष्ठांच्या धाकाचा, पगाराचा टेकू असतो. खुशीच्या कामाला खुशीशिवाय कशाचाच टेकू नसतो. ती गेली की ते थांबतं, आणि थांबवल्याबद्दल कोणी जाबही विचारू शकत नाही.

रेल्वेत, पोस्टात, बँकांत पूर्वी संघटना 'वर्क टू रूल'ची हाक द्यायच्या. संप नाही, काम बंद नाही, फक्त नियमावर बोट ठेवून काम. तेवढ्यानेही कारभार रखडायचा, कारण कुठलंही कार्यालय नियमांपलीकडच्या कामावरच उभं असतं. संघटना निदान नोटीस द्यायची, मागण्या लिहायची, मागणी मान्य झाली की आंदोलन मागे घ्यायची. खच्ची झालेल्या शाखेत हेच आंदोलन नोटिशीशिवाय वर्षानुवर्षं चालू असतं. त्याला मागणीपत्र नसतं, त्यामुळे मागे घेण्याची वेळही येत नाही. आपण बाहेरून म्हणतो, सरकारी लोक पाट्या टाकतात. टाकतात, आहेत तसे पुष्कळ. पण त्यांतले कितीतरी नोकरीला लागले तेव्हा तसे नव्हते, हे मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून पाहिलेलं आहे.

डॅन अरिएली, एमिर कामेनिका आणि द्राझेन प्रेलेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. लोकांना लेगोच्या तुकड्यांपासून बाहुले जोडायला दिले. पहिल्याला दोन डॉलर, पुढच्या प्रत्येकाला आधीपेक्षा ११ सेंट कमी. दोन्ही गटांना दर सारखाच. फरक इतकाच की एका गटाची बाहुली जोडून झाल्यावर तशीच ठेवली जात, आणि दुसऱ्या गटाने एक जोडून दुसरं हाती घेतलं की पहिलं त्यांच्यासमोरच मोडलं जाई. पहिल्या गटाने सरासरी १०.६ बाहुली जोडली, दुसऱ्याने ७.२. तिथे कोणी कोणाला टोचून बोललं नव्हतं. ती बाहुली कोणाच्या उपयोगाचीही नव्हती. तरीही माणसं लवकर उठली. आमच्या इथे मोडल्या जाणाऱ्या वस्तूवर एखाद्या विधवेचं कुटुंबनिवृत्तिवेतन अवलंबून असतं.

त्या वर्षी निवृत्त झालेल्या काहींची प्रकरणं महालेखापालांकडून त्रुटी लावून परत आली. पडताळणीची नोंद नाही, आदेशाची प्रत नाही. म्हणजे नेमकं तेच, जे तक्त्यात आधी कळायचं. माणसं तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर महिने काढत होती, आमच्या बाकावर येऊन बसत होती, शिपाई मामा त्यांना पाणी आणून देत होते. गोषवाऱ्यात याची नोंद 'त्रुटीपूर्तता प्रगतीत' अशी झाली.

मग कोणी बोलत का नाही? कारण वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल लिहिणारा हात तोच असतो. या अहवालाची धास्ती किती खरी आहे, हे देव दत्त यांच्या खटल्यावरून कळतं. ते सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षांच्या अहवालांत 'व्हेरी गुड' हवं होतं. १९९३-९४ साली त्यांना 'गुड' मिळालं, आणि ते त्यांना कळवण्यातच आलं नाही. 'गुड' म्हणजे काही प्रतिकूल शेरा नव्हे, मग कळवायचं कशाला, असा सरकारचा युक्तिवाद. पदोन्नती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की शेरा प्रतिकूल असो वा चांगला, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल. तोवर देव दत्त सेवानिवृत्त झालेले होते. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. कौतुकाच्या सुरातही माणसाचा पाय मागे ओढता येतो, हे त्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. आता निदान कागद हातात पडतो. पण अहवालात उतरतं ते वर्षातून एकदा. 'आत्ता नको' हे रोजचं, आणि त्याच्याविरुद्ध म्हणणं मांडायला रकाना नाही.

कडक साहेब आणि हे साहेब यांची गल्लत करू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण हल्ली शिस्तीचा माणूस दिसला की लगेच 'टॉक्सिक' म्हणायची घाई होते. मी ज्यांच्याकडे टिपणी लिहायला शिकले ते अधिकारी माझं पान लाल शाईने रंगवून परत करायचे. "नियम क्रमांक कुठाय? तारीख कुठाय? मला काय मंजूर करायचंय ते शेवटच्या परिच्छेदात दिसलं पाहिजे." तीन-तीनदा लिहून घ्यायचे. मी चिडायचे, कधी रडूही यायचं. पण विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचं उत्तर तयार करायला आम्ही रात्री उशिरापर्यंत थांबलो, आणि सकाळी वरून विचारणा झाली तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी फोनवर सांगितलं, "माहिती आमच्या सहायकाने काढली आहे, तिच्याशीच बोला," आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ते कामातली चूक काढायचे. माणूस काढून टाकायचे नाहीत. पुढे त्यांनी शनिवारी बोलावलं तरी मी जायचे, आणि बोलावलं नाही तरी एखादवेळी जायचे.

पोखरणारे साहेब असे का होतात, याचा विचार मी पुष्कळ केला. काहींना हाताखालच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त येतं याची भीती असते. नियम त्या मुलीला तोंडपाठ होते, साहेबांना नव्हते. काहींच्या बाबतीत वरून जे मिळतं तेच खाली जातं: संध्याकाळच्या व्हीसीत सगळ्या जिल्ह्यांसमोर पाणउतारा झालेला अधिकारी खोलीबाहेर येतो तेव्हा पहिल्यांदा समोर येणाऱ्या लिपिकाची धडगत नसते. मला त्यांची अडचण समजते. पण अडचण त्यांची आणि किंमत मोजणार बाकावर बसलेले काका, हे मला कधीच पटलं नाही.

"मॅडम, मग करायचं काय?" असं तरुण मुलं-मुली मला विचारतात. पहिली गोष्ट कागदाची. 'चर्चा करावी' आलं आणि वेळ मिळाली नाही, तर टिपणीवर शेऱ्याखाली साध्या भाषेत लिहायचं: 'दि. अमुक रोजी चर्चेसाठी उपस्थित होते, वेळ मिळू शकला नाही, पुनश्च सादर.' उद्धटपणा न करता, तारखेसह, दरवेळी. मी तिला हेच करायला लावलं. तिसऱ्या अशा नोंदीनंतर फायली सुटायला लागल्या, कारण त्या नोंदी उद्या दप्तर तपासणीत कोणीही वाचेल. दुसरी गोष्ट साक्षीदाराची. साहेब ज्याला तोडून बोलले त्याच्या बाजूने त्याच बैठकीत एक वाक्य बोलायचं: "साहेब, हे काम यांनी केलंय." तेवढ्याने साहेब बदलत नाहीत. पण केलेलं काम आपलंच होतं याची खात्री त्या माणसाला राहते, आणि तीच सगळ्यात आधी जाते.

तिसरी गोष्ट बदलीची. बेनेट टेपर यांच्याच २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं होतं की छळवादी वरिष्ठाचा त्रास ज्यांना नोकरी सोडून दुसरीकडे जाणं अवघड होतं त्यांना जास्त झाला. सरकारी नोकरी कोण सोडतो? म्हणून बदली मागण्यात पळपुटेपणा आहे असं मला वाटत नाही. तिने विनंती बदलीचा अर्ज केला, त्याचा मसुदा मीच करून दिला.

नव्या ठिकाणचे अधिकारी साधे, वेळच्या वेळी सही करणारे होते. तरीही पुष्कळ दिवस ती लहानसहान गोष्टींची परवानगी मागत राहिली. "सर, स्मरणपत्र पाठवू का?" "सर, त्यांना फोन करू का?" ते म्हणायचे, अहो करा की, यात विचारायचं काय. तिला विचारल्याशिवाय राहवायचं नाही. साहेब बदलला की माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा होईल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

दिवाळीत तिचा फोन आला होता. मधे काही काळ आवक-जावक होतं, आता निवृत्तिवेतनाचं टेबल मिळालं म्हणाली. मी म्हटलं, अरेरे, तेच आलं का पुन्हा वाट्याला. तर म्हणाली, "नाही मॅडम, मी मागून घेतलं."